हृदयाला हात लावताना : हृदयचिकित्सेच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीत दुखलं की आज पहिल्यांदा ईसीजी काढतात, मग टूडी एको, गरज पडली तर अँजिओग्राफी. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की तो पूर्वीपासूनच असावा असं वाटतं. प्रत्यक्षात अशा कित्येक तपासण्यांमागे आणि उपचारांमागे अशी माणसं आहेत, ज्यांना त्यांच्या काळात 'हे करू नका' असं सांगितलं गेलं होतं. हा विषय निघाला की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

'हृदयरोगतज्ज्ञ' हा वेगळा डॉक्टर कधीपासून आहे?

विसाव्या शतकापासून. त्याआधी हृदयाचा रुग्ण सर्वसाधारण फिजिशियनच बघत. जेम्स मॅकेन्झी यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ते इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणगावातले साधे फॅमिली डॉक्टर. मनगटातली आणि मानेतली नाडी एकाच वेळी कागदावर उमटवणारं उपकरण त्यांनी बनवून घेतलं आणि त्याच त्या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. नाडी चुकणाऱ्या प्रत्येक माणसाला तेव्हा अंथरुणात टाकत. मॅकेन्झींनी दाखवून दिलं की मध्येच एखादा ठोका चुकणारे कित्येक जण ठणठणीत जगतात आणि खरा धोका वेगळ्या प्रकारच्या अनियमिततेत असतो. रुग्णाला वीस वर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरलाच हे दिसू शकलं असतं.

पुढे ईसीजीचं यंत्र आलं आणि ते वाचता येणाऱ्यांचा वेगळा गट पडला. ब्रिटनमध्ये १९२२ साली 'कार्डियाक क्लब' निघाला, अमेरिकन हार्ट असोसिएशन १९२४ साली, जर्मनीतली संस्था १९२७ साली. म्हणजे यंत्र आधी आलं आणि तज्ज्ञ मागून. पुढेही बऱ्याचदा असंच घडलं.

त्याआधी हृदय काय काम करतं असं मानत?

दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याची शिकवण युरोपात जवळजवळ चौदाशे वर्षं टिकली. त्यांच्या मते रक्त यकृतात तयार होतं, शरीरभर जातं आणि तिथेच खर्ची पडतं. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या बाजूंमधल्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत आणि त्यांतून थोडं रक्त पलीकडे झिरपतं, असंही ते सांगत.

ही छिद्रं नाहीतच, असं तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवलं. दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत काम केलेले हे वैद्य. उजवीकडचं रक्त फुप्फुसांत जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डावीकडे येतं, हे त्यांनी स्पष्ट मांडलं होतं. त्यांच्या या लिखाणाकडे आधुनिक जगाचं लक्ष जायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

मग आले इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वे. त्यांचं लहानसं लॅटिन पुस्तक १६२८ साली फ्रँकफर्टमध्ये छापलं गेलं. त्यातला सर्वांत जोरदार पुरावा साध्या गुणाकाराचा आहे. एका ठोक्याला हृदय किती रक्त ढकलतं याचा अगदी कमीत कमी अंदाज धरा आणि त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणा. येणारा आकडा अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून मोठा निघतो. एवढं रक्त दर अर्ध्या तासाला नव्यानं बनणं शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरत असलं पाहिजे. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिण्यांतलं रक्त ते परत आणणाऱ्या नीलांमध्ये कुठून जातं, हे मात्र त्यांना दाखवता आलं नाही. ते १६५७ साली वारले आणि १६६१ साली मार्चेल्लो माल्पिघी यांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात या दोन्हींना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या दिसल्या. फक्त चार वर्षांची चुकामूक. हे वाचलं की अजूनही हळहळ वाटते.

मग हार्वेंनंतर उपचार सुधारले का?

नाही. रक्त फिरतं हे कळूनही रुग्णांचं रक्त काढण्याची पद्धत पुढे दोनशे वर्षं चालूच राहिली. स्टीफन हेल्स या धर्मगुरूंनी १७३३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. घोडीच्या रोहिणीत नळी बसवून काचेच्या उभ्या नळीत रक्त किती चढतं ते त्यांनी मोजलं होतं, आणि ते आठ फुटांहून वर चढलं होतं. पण माणसाचा रक्तदाब दंडाला पट्टा बांधून मोजायला १८९६ साल यावं लागलं. ते काम इटलीतल्या रिवा-रोच्ची यांचं. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे ऐकायची पद्धत १९०५ साली रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी दिली. आजही तीच वापरतात.

स्टेथोस्कोप कसा सुचला?

संकोचातून. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लायनेक यांच्यासमोर हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण, स्थूल स्त्री होती. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिच्या छातीला कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं कानाला लावलं. ठोके कान टेकवून ऐकू यायचे त्याहून स्वच्छ ऐकू आले. मग त्यांनी लाकडाची पोकळ नळी घडवली आणि १८१९ साली ग्रंथ लिहिला. ऐकलेला आवाज आणि शवविच्छेदनात दिसलेला बिघाड यांची सांगड घालणं हे त्यांचं खरं मोठेपण. कागदाची सुरळी कोणालाही सुचली असती. लायनेक १८२६ साली क्षयानं गेले. याच नळीनं ज्याचे आवाज त्यांनी इतरांच्या छातीत ओळखले होते, तोच आजार.

हार्ट अटॅक हा आजार नवा आहे का?

आजार जुना, ओळख नवी. चढण चढताना, विशेषतः जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की जातं, हे वर्णन विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली लंडनच्या वैद्यांपुढे वाचलं. 'अंजायना' हे नाव त्यांचंच. मात्र दोष नेमका कुठे आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

इथे एक हकिकत सांगायलाच हवी. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर यांना दाट संशय होता की बिघाड हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत आहे. पण त्यांचे लाडके गुरू जॉन हंटर यांना स्वतःलाच अंजायनाचा त्रास होता. गुरूंना धक्का बसू नये म्हणून जेन्नर यांनी याची वाच्यता टाळली. १७९३ साली रुग्णालयाच्या बैठकीतल्या वादावादीनंतर हंटर कोसळले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या कडक झालेल्या आढळल्या.

त्यानंतरही, या रोहिणीत गुठळी अडकली की मृत्यू ठरलेलाच, अशी समजूत होती. शिकागोचे जेम्स हेरिक यांनी १९१२ साली दाखवलं की माणूस यातून वाचू शकतो आणि हे निदान जिवंतपणी करता येतं. सुरुवातीला त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. काही वर्षांनी ईसीजीवर तो बदल उमटलेला दिसला, तेव्हा लोकांना पटलं.

पहिला ईसीजी कसा काढत?

हॉलंडमधल्या लायडन इथे विलेम आइनथोव्हेन यांनी १९०० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे यंत्र सिद्ध केलं. त्याचं वजन सुमारे २७० किलो होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेणं शक्यच नव्हतं. म्हणून सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून प्रयोगशाळेपर्यंत तार ओढली आणि रुग्णाच्या हृदयाचा विद्युतप्रवाह तिच्यातून आणला. आजच्या अहवालातली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं त्यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं.

पूर्वी अटॅकनंतर सहा आठवडे झोपवून ठेवत, हे खरं का?

खरं आहे. रुग्णाला स्वतःच्या हातानं जेवूही देत नसत. विश्रांती मिळाली की जखम भरेल, हा विचार वरवर योग्यच वाटतो. पण इतके दिवस निपचित पडल्यामुळे पायांत गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि हार्ट अटॅकमधून वाचलेला माणूस त्यात दगावे. बोस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ च्या सुमारास रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केली. विरोध खूप झाला. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना लवकर उठवलं आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. त्यानंतर लोकांची भीती बरीच ओसरली.

हृदयावरची पहिली शस्त्रक्रिया कोणती?

हृदयाला टाके घालून वाचलेला पहिला रुग्ण फ्रँकफर्टमधला. ९ सप्टेंबर १८९६ रोजी लुडविग रेन यांनी भोसकलेल्या एका तरुणाच्या धडधडत्या हृदयावर रेशमाचे तीन टाके घातले. त्याच वर्षी छातीच्या शस्त्रक्रियांवरच्या एका इंग्रजी ग्रंथात असं छापलं गेलं होतं की हृदयाच्या बाबतीत निसर्गानं घालून दिलेली सीमा शल्यचिकित्सेनं बहुधा गाठली आहे.

पण जखम शिवणं वेगळं आणि हृदय उघडून आतला दोष दुरुस्त करणं वेगळं. रक्तपुरवठा थांबला की मेंदूला काही मिनिटांतच इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात हृदय उघडायचं, दुरुस्त करायचं आणि बंद करायचं कसं? १९५२ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस इथे एफ. जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या मुलीचं शरीर थंड करून थोडा जास्त वेळ मिळवला आणि तिच्या हृदयातलं छिद्र बंद केलं.

जॉन गिबन यांनी वेगळी वाट धरली. १९३१ साली फुप्फुसातल्या गुठळीनं तडफडणाऱ्या एका रुग्णाजवळ ते रात्रभर बसले होते. तिचं काळवंडलेलं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू घालून परत सोडता आलं तर, हा विचार त्यांच्या मनात त्या रात्री आला. पत्नी मेरी यांच्या साथीनं ते दोन दशकं त्यामागे लागले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या मुलीचं हृदय आणि फुप्फुसं यांचं काम त्यांच्या यंत्रानं २६ मिनिटं सांभाळलं आणि ती बरी झाली. पुढचे रुग्ण मात्र दगावले. गिबन यांनी स्वतः हे काम थांबवलं, ते पुन्हा हाती घेतलं नाही. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतर थांबता येणं मला मोठी गोष्ट वाटते.

१९५४ साली मिनियापोलिसमध्येच वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राऐवजी माणूस वापरला. मुलाच्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा त्याच्या आईच्या किंवा वडिलांच्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या आणि शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत पालकाच्या हृदयानं दोघांचं रक्त फिरवायचं. असे ४५ रुग्ण त्यांनी केले. एका टेबलावर दोन जीव पणाला लागत. पुढे यंत्रं सुधारली आणि ही पद्धत मागे पडली.

'निळ्या बाळांची' शस्त्रक्रिया म्हणजे काय? त्यात तीन नावं का घेतात?

काही बाळांच्या हृदयात जन्मतःच असा दोष असतो की फुप्फुसांकडे पुरेसं रक्त जात नाही आणि ओठ, नखं निळी पडतात. बाल्टिमोरच्या हेलेन टॉसिग अशी मुलं सांभाळत होत्या. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून बाळाच्या छातीवर हात ठेवून त्या ठोके बोटांनी वाचत. फुप्फुसांकडे रक्ताची नवी वाट काढता येईल का, हा प्रश्न त्यांनी शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लालॉक यांच्यापुढे ठेवला. कुत्र्यांवर प्रयोग करून ते तंत्र बसवलं ते व्हिव्हियन थॉमस यांनी. ते कृष्णवर्णीय होते, वैद्यकीय पदवी नव्हती, मंदीमुळे त्यांचं शिक्षण अडलं होतं. २९ नोव्हेंबर १९४४ च्या पहिल्या शस्त्रक्रियेत ते ब्लालॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. शस्त्रक्रियेला नाव मात्र अनेक वर्षं दोघांचंच राहिलं. थॉमस यांना त्याच संस्थेनं १९७६ साली मानद डॉक्टरेट दिली. तिसरं नाव आता घेतात ते योग्यच आहे.

टॉसिग यांना वाट दाखवणाऱ्या मॉड ॲबट यांचा उल्लेखही राहू नये. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठानं स्त्री म्हणून त्यांना वैद्यकीय शाखेत प्रवेश नाकारला होता. त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयात काम करत त्यांनी जन्मजात हृदयदोषांच्या एक हजार नोंदींचा चित्रसंग्रह १९३६ साली तयार केला.

कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात नेण्याचं धाडस पहिल्यांदा कोणी केलं?

वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टरनं, स्वतःवर, १९२९ साली. वरिष्ठांनी मनाई केली होती. उपकरणांच्या किल्ल्या असलेल्या गेर्डा डिट्झन या परिचारिकेनं मला चालेल म्हणत स्वतःचा हात पुढे केला. फोर्समान यांनी तिला टेबलाला बांधलं आणि गुपचूप स्वतःच्या दंडातल्या नीलेत नळी सरकवली. मग दोघं एक्स-रेच्या खोलीत गेले आणि नळीचं टोक हृदयात पोहोचलेलं छायाचित्रात आलं. कौतुकाऐवजी टीकाच वाट्याला आली आणि ते मूत्ररोगाकडे वळले. आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी न्यूयॉर्कमध्ये हे तंत्र निदानासाठी घडवलं आणि १९५६ साली तिघांना नोबेल मिळालं. फोर्समान नाझी पक्षाचे सदस्य होते, ही गोष्टही लपवायचं कारण नाही.

हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांचं चित्र मात्र अपघातानं मिळालं. १९५८ साली क्लीव्हलंडमध्ये मेसन सोन्स तपासणी करत असताना नळीचं टोक उजव्या रोहिणीत शिरलं आणि डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, थेट तिथे गेला. रुग्ण मरणार असंच तेव्हाच्या समजुतीनुसार वाटायला हवं होतं. त्याचं हृदय थांबलंही. सोन्स ओरडले, खोका! तो खोकला आणि ठोके परत सुरू झाले. अँजिओग्राफीची सुरुवात ही अशी.

बायपास आधी की अँजिओप्लास्टी?

बायपास, म्हणजे अडलेल्या रोहिणीला वळसा घालून रक्ताला नवी वाट काढणं. अर्जेंटिनाचे रेने फाव्हालोरो यांनी १९६७ पासून क्लीव्हलंडमध्ये पायातली नीला वापरून ही शस्त्रक्रिया प्रस्थापित केली. त्याआधी १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतली रोहिणी जोडून ती केली होती. फुग्यानं रोहिणी रुंद करण्याचं काम, म्हणजे अँजिओप्लास्टी, आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये केलं. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते. पण फुगवलेली रोहिणी काही जणांत पुन्हा आवळे. तिला आतून धरून ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, १९८६ साली पहिल्यांदा माणसाच्या हृदयाच्या रोहिणीत बसवली गेली. औषध लावलेले स्टेंट त्यानंतर दीड दशकानं सर्रास आले.

औषधांचं काय?

त्यांचं मूळ चकित करणारं आहे. विल्यम विदरिंग यांनी एका घरगुती काढ्यातली खरी गुणकारी वनस्पती हुडकली. ती डिजिटॅलिस. १७८५ सालच्या पुस्तकात त्यांनी बरे झालेल्यांबरोबर न झालेले रुग्णही प्रामाणिकपणे नोंदले. हे फार मोलाचं होतं, कारण या औषधाची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा अगदी लगतच्या आहेत. जिभेखाली ठेवायची गोळी नायट्रोग्लिसरीनची. तोच डायनामाइटमधला पदार्थ, १८७९ साली विल्यम मरेल यांनी अंजायनासाठी सुचवलेला. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांना म्हातारपणी डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिलं होतं. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध आलं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनची वाट दाखवली ती जपानच्या अकिरा एन्डो यांनी, हजारो बुरशी तपासून, १९७० च्या दशकात.

आणि ॲस्पिरिन. १९८८ सालच्या आयसिस-२ या चाचणीत अटॅक आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. ॲस्पिरिनमुळे पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी घटले, गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजमुळे २५ टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी. आधीपासून हाताशी असलेली गोळी, पण तिचा हा उपयोग निर्विवाद ठरायला इतकी वर्षं गेली.

बीपी आणि कोलेस्टेरॉल धोक्याचे, हे कसं ठरलं?

वय वाढलं की रक्तदाब वाढायचाच, असं चांगले चांगले डॉक्टर मानत. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट १९४५ साली मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. उपचार करायचे नाहीत, फक्त कोणाला पुढे काय होतं ते बघत राहायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिगारेट, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध स्पष्ट झाला. एक मर्यादा लक्षात ठेवावी. ते लोक जवळजवळ सगळे गोरे होते, त्यामुळे तिथली गणितं जगातल्या सर्वांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

हृदय प्रत्यारोपण?

पहिलं ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये, सर्जन क्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलं. रुग्ण लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगले. मग जगभर लाटच आली, बहुतेक रुग्ण लवकर गेले आणि बहुतेक सर्जननी हे काम सोडून दिलं. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे मात्र चिकाटीनं करत राहिले. १९८० च्या दशकात शरीरानं परकं हृदय नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर निकाल खऱ्या अर्थानं सुधारले.

कार्डिओलॉजिस्ट आणि कार्डियाक सर्जन यांत फरक काय? आता इतके प्रकार का?

सर्जन छाती उघडून शस्त्रक्रिया करतात. कार्डिओलॉजिस्ट निदान करतात, औषधं देतात, आणि त्यातले इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजिस्ट हातातून किंवा जांघेतून नळी घालून अँजिओप्लास्टी करतात. ठोक्यांची लय बिघडली असेल तर इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट. ही सीमा सरकती आहे. २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ इथे अलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता नळीतून नवी झडप बसवली, आणि सर्जनचं मानलं गेलेलं काम दोघांचं झालं. म्हणून अवघड रुग्णाचा निर्णय दोघांनी एकत्र बसून घ्यावा असं आता मानतात. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर दोघांचं मत विचारायला मुळीच संकोचू नका.

पहिल्या रुग्णांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. त्यांचं हृदय दिवसातून अनेकदा थांबे. त्यांच्या पत्नी एल्से-मारी या अभियंता रूने एल्मक्विस्ट आणि सर्जन ओके सेनिंग यांच्या मागेच लागल्या. असं यंत्र तयार नाही, असं उत्तर मिळालं. मग बनवा, असा त्यांचा आग्रह होता. एल्मक्विस्ट यांनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून यंत्र ओतलं. ते काही तासांत बंद पडलं आणि दुसरं बसवावं लागलं. लार्सन त्यानंतर ४३ वर्षं जगले, एकूण २६ पेसमेकर वापरले, आणि यंत्र बनवणारा अभियंता व बसवणारा सर्जन या दोघांच्याही मागे राहून २००१ साली ८६ व्या वर्षी वारले, तेही हृदयानं नव्हे, कर्करोगानं.

आणि झुरिचमध्ये ग्रुन्ट्झिग यांनी ज्याची रोहिणी पहिल्यांदा फुग्यानं उघडली, तो रुग्ण तेव्हा ३८ वर्षांचा होता. ग्रुन्ट्झिग स्वतः १९८५ साली विमान अपघातात गेले. त्या रुग्णाची रोहिणी दहा वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हाही ती मोकळीच होती.